ते चपातीचं, हे गणिताचं

जुलै २०२३. गणितज्ञ मंगला नारळीकर बाई नुकत्याच गेल्या होत्या, त्यामुळे स्टाफरूममध्ये पुन्हा 'वीस एक, वीस दोन' निघालं होतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात संख्या वाचायची ही रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! २१ लिहिताना दोन आधी आणि 'एकवीस' वाचताना एक आधी, यात पोरं अडखळतात, एवढंच नारळीकर बाईंच्या पाठ्यपुस्तक समितीचं म्हणणं. जुनं 'एकवीस-बावीस' काही कुणी काढून टाकलं नव्हतं. पण विनोद करणाऱ्यांना तेवढं ऐकायला वेळ कुठला?

माझी सहावी म्हणजे त्याच दुसरीची पहिली तुकडी. पुढे तिसरी त्यांनी लॉकडाउनमध्ये, घरातल्या एकुलत्या मोबाइलवर काढली. थोडक्यात, शिक्षणातला प्रत्येक प्रयोग आधी यांच्यावर झाला. त्या दिवशी माझाही व्हायचा होता.

आमची शाळा पर्वतीच्या बाजूची. नाव सांगत नाही. पावसाची रिपरिप, पटावर ४१ आणि हजर ३६. मी पिशवीभर कागदी गोल कापून नेले होते. मी म्हणते पोळी, वर्ग म्हणतो चपाती. वर्गाचं बहुमत असल्यामुळे चपाती. घड्या घाला, फाडा, जोडून बघा. अर्धी चपाती आणि तिसरा हिस्सा मिळून किती होतं ते हाताने शोधा. मी काही सांगणार नव्हते. प्रशिक्षणात आम्हाला घोटून घोटून शिकवलंय की तुम्ही शिक्षक नव्हे, सुलभक, म्हणजे पोरांना आपलं आपण शिकायला मदत करणारे. (न घोकता शिकवा, हे आमच्याकडून घोकून घेतलं गेलं, याची गंमत तेव्हा कुणालाच वाटली नाही.)

वर्ग रंगला होता. शेजारच्या बाईंचे पाढे भिंतीतून ऐकू येत होते. त्या निवृत्तीला आलेल्या. पाढे झाल्याशिवाय पाटीला हात लावू देत नाहीत. मला त्यांची थोडी कीव वाटायची, हे कबूल करते.

मग मी फळ्यावर गणित लिहिलं : एक छेद दोन अधिक एक छेद तीन. वह्या गोळा केल्या. ३६ पैकी २३ जणांचं उत्तर, दोन छेद पाच. वरच्यांची बेरीज, खालच्यांची बेरीज, विषय संपला. आणि यातल्या बहुतेकांच्या बाकावर जोडलेले कागद तसेच पडले होते, अख्ख्या चपातीला जेमतेम एक तुकडा कमी.

मी विचारलं, "दोन छेद पाच म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?"

"कमी."

"मग अर्ध्यात आणखी भर घातली, आणि उत्तर अर्ध्याहून कमी?"

वर्ग गप्प. खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. हिचे तीसपर्यंत पाढे पाठ, आजीने करून घेतलेले. मी तिला मनातल्या मनात 'घोकंपट्टीवाली' म्हणायचे. ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाई, ते चपातीचं होतं. हे गणिताचं आहे."

मी खुर्चीवर बसले. वर्गात मी सहसा बसत नाही.

तिचं चुकलं कुठे होतं? चपातीकडून वहीकडे जायची वाट मी दाखवलीच नव्हती. ती त्यांनी आपणहून शोधावी म्हणून थांबले होते. त्यांनी शोधली नाही, कारण तिथे वाट असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि गोल कागदाचे तीन सारखे भाग घडी घालून करणं मोठ्यांनाही जमत नाही. माझे तिसरे हिस्सेसुद्धा अंदाजपंचेच होते.

पुढचा तास चित्रकलेच्या सरांकडून मागून घेतला. गणिताच्या चौकटीच्या वहीतून सहा चौकटींची पट्टी कापायला लावली आणि खडू हातात घेऊन चक्क शिकवलं. जुन्या पद्धतीने, ओळीमागून ओळ. पण फळ्यावर एक ओळ लिहिली की थांबायचं आणि ती ओळ पट्टीवर बोटाने दाखवून घ्यायची. अर्धी म्हणजे तीन चौकटी, म्हणून तीन छेद सहा. तिसरा हिस्सा दोन चौकटी, म्हणून दोन छेद सहा. एकूण पाच. छेदांची बेरीज का करायची नाही, हे मला सांगावं लागलं नाही. पट्टी दोन्ही वेळा सहाचीच होती, ते दिसत होतं.

नंतर दिलं एक छेद चार अधिक एक छेद सहा. आता पट्टी किती चौकटींची घ्यायची? इथे निम्मा वर्ग अडकला. कल्पना कळली होती, पण चार आणि सहा दोघांच्या पाढ्यात येणारी संख्या सापडेना. बोटं मोजता मोजता आपण काय शोधतोय हेच विसरत होते. खिडकीजवळून लगेच आवाज आला, "बारा!" शेजारच्या बाईंबद्दल माझं मत त्या क्षणी थोडं बदललं. पूर्ण नाही. पट्टी नसती तर त्या बाराचं काय करायचं हे तिलाही कळलं नसतं.

मागच्या बाकावरच्या एकाने मात्र चार सख चोवीस करून चोवीस चौकटींची लांबलचक पट्टी कापली. त्याचं उत्तर दहा छेद चोवीस, हिचं पाच छेद बारा. दोन्ही बरोबर, पण हे मी बोलले नाही. त्याने रंगवलेला भाग तिच्या पट्टीशेजारी धरला. दुप्पट लांब. "बघा बाई, माझं जास्त येतंय."

वर्गात दोन तट पडले. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात घंटा झाली. चित्रकलेचे सर दारात, पुढचा तास त्यांना परत हवा होता. पोरं दप्तरं भरायला तयार नव्हती. खिडकीजवळची मुलगी मागच्या बाकापाशी जाऊन दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून बघत होती.

"बाई," ती तिथूनच ओरडली, "याची चपातीच मोठी आहे!"