मातलेची मिरी आणि आमचा गाळा

वडील मशीद बंदरला मसाल्याच्या पेढीवर दिवाणजी होते. बाजार वाशीला हलला तेव्हा त्यांनी स्वतःचा गाळा घेतला. माल मोजकाच ठेवायचा: मिरी, लवंग, जायफळ. मी धंद्यात उतरलो त्याच सुमारास श्रीलंकेशी मुक्त व्यापार करार झाला. २८ डिसेंबर १९९८ ला वाजपेयी आणि चंद्रिका कुमारतुंगा यांच्या सह्या झाल्या आणि मार्च २००० पासून तो लागू झाला. वडिलांनी कात्रण खिशात घातलं आणि मला कोलंबोला धाडलं.

तिथून बसने मध्य लंकेतल्या मातलेला गेलो. एका आजोबांनी अंगणात चटईवर वाळत घातलेली मिरी ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "गम्मिरिस." त्यातली 'मिरी' मला ऐकू आली. बाकी भाषा मला कळत नव्हती, पण दाणा अंगठ्याखाली चिरडला आणि झणका थेट घशात उतरला. लंकेच्या मिरीत पायपरीन, म्हणजे तो झणका देणारं द्रव्य, भरपूर असतं, म्हणून तेल काढणारे तिच्यामागे असतात. त्या दिवसापासून आमचा माल आजोबांकडून येऊ लागला. एलसी, म्हणजे बँकेचं हमीपत्र, कधी उघडली नाही. आगाऊ रक्कम, बाकी माल पोचल्यावर, सगळा शब्दावर व्यवहार.

पुढची पंधरा वर्षं चांगली गेली.

इथे करार कसा चालतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लंकेच्या मिरीला वर्षाला २,५०० टनांपर्यंत ड्यूटी माफ. त्यावरच्या मालाला साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार कराराखाली, ८ टक्के. इतर देशांच्या मिरीला ७० टक्के, आणि व्हिएतनामला आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी असलेल्या कराराची सवलत धरूनही त्या काळात पन्नास टक्क्यांच्या वर होती. आता जगात सर्वांत जास्त मिरी पिकते व्हिएतनामला, आणि ती स्वस्तही असते. म्हणजे तीच गोणी कोलंबोला उतरवून 'मूळ देश श्रीलंका' असा दाखला तिला जोडता आला की सगळा नफा त्या एका कागदात. करारात निम्म्याहून अधिक पानं मूळ देशाचे नियम सांगतात असं मला नेहमी वाटतं, कारण सगळं त्यावरच उभं आहे. वनस्पती तुपात आणि तांब्यात हेच आधी होऊन गेलं होतं: बाहेरचा कच्चा माल लंकेत, थोडी प्रक्रिया, की भारतात बिनशुल्क. मिरीत तर प्रक्रियाही लागत नाही.

२०१७ साली आमच्याच बाजारातल्या एका गाळ्यावर 'लंका मिरी' आमच्या पडतीपेक्षाही, म्हणजे माल आम्हाला इथे ज्या दराने पडतो त्याच्याही, खाली विकली जाऊ लागली. मी एक पोतं विकत आणलं. लोखंडी परखी तळापर्यंत खुपसून नमुना काढला, लिटरच्या मापाने तोलला, ताटात पसरला. दाणे एकसारखे, यंत्रावर घासूनपुसून काढलेले. आजोबांच्या चटईवरची मिरी अशी कधीच नसते, त्यात लहानमोठं असतंच. चिरडली तर वास आला, झणका नाही. मी दलालाला ताट दाखवलं. तो म्हणाला, "शेठ, कागद चोख आहेत, तुम्ही दाणे कशाला बघता?" हे वाक्य मी विसरलेलो नाही. आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. कर्नाटकातल्या कोडगूचे आणि केरळातल्या वायनाडचे मिरी-शेतकरी ओरडत होते आणि लंकेचं नाव घेत होते. मातलेच्या आजोबांनी त्यांचं काय वाकडं केलं होतं?

डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावली, म्हणजे त्याखालच्या दराचा माल आणता येईना. त्या दिवशी आमचा एक कंटेनर कोलंबोच्या धक्क्यावर होता, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, व्हायचं होतं, एलसी नव्हती. दर पाचशेच्या आत ठरलेला. ज्यांचे कागद आधी तयार होते त्यांचे सुटले. आमचा माल परत मातलेला गेला. आगाऊ रक्कम गेली असं धरूनच मी बँकेच्या हप्त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. दोन हमालांना जावं लागलं.

आजोबांनी ती रक्कम तीन हप्त्यांत परत पाठवली. मी मागितली नव्हती.

त्या काळात टिकून राहिल्या त्या साताऱ्याच्या काकू. त्या गोडा मसाला कांडतात. महिन्याला दोन पोती, जास्त नाही, पण भाव न विचारता. इतरांची मिरी त्यांनी एकदा नेली आणि तिसऱ्या दिवशी एसटीने परत पाठवली, वर चिठ्ठी, "दादा, माझ्या मसाल्याला ही पुरत नाही, दीडपट घालावी लागते." ती चिठ्ठी गल्ल्याच्या काचेखाली आहे.

नव्याने आयातीत उतरणाऱ्या पोरांना सांगतो: सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार हे मूळ देशाबद्दलचे सीमाशुल्काचे नियम आहेत. नुसता दाखला दाखवून आता भागत नाही. माल कुठे पिकला, मूल्यवर्धन किती, ही माहिती आयातदाराकडे हवी आणि पाच वर्षं जपून ठेवायची. एजंटवर सोडू नका. बागेत जा, चटई बघा, फोटो काढा, वजनाच्या पावत्या मागून घ्या. आणि एलसी उघडा. शब्दावर धंदा करायचं सुख मी भोगलं, त्याची किंमतही मोजली.

भाव पाचशेच्या वर गेल्यावर आम्ही पुन्हा मागवू लागलो. आजोबा आता नाहीत, त्यांची नात व्यवहार बघते. २०२२ मध्ये तिकडे डॉलरची आणि डिझेलची टंचाई होती तेव्हा माल कोलंबोपर्यंत आणायला तिला गाडी मिळेना. या वेळी आगाऊ रक्कम मी आधी पाठवली, पूर्ण. कंटेनर न्हावा शेवाला उशिरा लागला. पहिलं पोतं फोडलं, परखी घातली, आणि पहिली दोन पोती साताऱ्याला पाठवली.