द्वोर्झाक चेलो कॉन्चेर्टो: कासाल्सचं घोडं अखेर पुढे सरकलं

चेलोवादक कासाल्सच्या जुन्या रेकॉर्डिंगची पट्टी (सुराची उंची) ठरली नाही ती नाहीच, पण आता ती ठरवायची गरजच उरलेली नाही.

द्वोर्झाकच्या या चेलो आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेची वेगवेगळी रेकॉर्डिंग लय मोजून मी ताडून पाहतोय. तुलना अजूनही तिसऱ्या मूव्हमेंटच्या (भागाच्या) कोडाचीच, म्हणजे समारोपाच्या तुकड्याची. चेलोवादक फूर्निए, रोस्ट्रोपोविच (कंडक्टर कारायान, १९६८) आणि इसर्लिस यांच्या रेकॉर्डिंगचे बीट टॅप करून, म्हणजे ठोक्यांच्या वेळा नोंदवून, झाले होते. गाडी अडली होती कासाल्सच्या १९३७ च्या प्राग रेकॉर्डिंगवर. माझ्याकडचे त्याचे दोन ट्रान्सफर (जुन्या तबकडीवरून केलेल्या प्रती) एकमेकांपेक्षा अर्ध्या स्वराच्या एक-तृतीयांशाने वरखाली आहेत. कानाला फारसं खटकत नाही, पण अर्धा स्वर म्हणजे वेगात जवळपास ६ टक्के. म्हणजे इथे २ टक्के, दहा मिनिटांमागे १२ सेकंद. मोजतोय ती कासाल्सची लय की ट्रान्सफर करणाऱ्याच्या टर्नटेबलची, हेच कळेना.

‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झ धरून दोन्ही जुळवा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण ४४० वर लंडनच्या परिषदेत एकमत झालं १९३९ मध्ये, रेकॉर्डिंगनंतर. त्याआधीचा ठरलेला सूर ४३५, आणि कितीतरी ऑर्केस्ट्रा तोही पाळत नसत. या दोन आकड्यांतच एक टक्क्याहून जास्त फरक आहे. त्यात तबकडीची बाजू चार-साडेचार मिनिटांत संपते, आणि एका ट्रान्सफरमध्ये बाजूंच्या जोडावर पट्टी चक्क उडी मारते. याचीच जाहिरात ‘खरखर पूर्ण साफ’ अशी होती. खरखरीबरोबर गज तारेवर टेकतानाचा आवाजही पुसून टाकलाय. मला खरखर चालते, गज गेलेला चालत नाही. हा ट्रान्सफर बाद.

दुसऱ्यात पट्टी सगळ्या बाजूंवर एकसारखी आहे. सोनिक व्हिज्युअलायझर या ध्वनी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे बीट न्याहाळताना डोक्यात उजेड पडला: प्रत्यक्ष लय हवीच कशाला? कोडाची लय भागिले त्याच मूव्हमेंटच्या सुरुवातीची लय. तबकडी जलद फिरवा नाहीतर संथ, दोन्ही आकडे एकाच प्रमाणात बदलतात आणि भागाकार तोच राहतो! प्रत्यक्ष लयींचा जुना तक्ता रद्द, आता सगळीकडे फक्त गुणोत्तर.

कोडाला खरं तर हेच माप शोभतं. मेहुणी योसेफीना मे १८९५ मध्ये गेल्यावर द्वोर्झाकने तिच्या आवडत्या गाण्याची आठवण इथे गुंफून शेवट वाढवला. तो श्वासासारखा विरत जावा, असं त्याने प्रकाशक झिम्रॉकला कळवलं होतं. विरायचं तर आधी काहीतरी वाहतं हवं. रोस्ट्रोपोविच आणि कारायान आधीपासूनच ऐसपैस असतात, त्यामुळे इथे पोचेपर्यंत आणखी थांबायला जागाच उरत नाही. कासाल्स मात्र सोलो व्हायोलिन शेजारी गाऊ लागल्यावरही ओळ पुढे नेत राहतात, आणि शेवटचा लांब सूर पकडतात तेव्हाच काळ थबकल्यासारखा वाटतो. तेवढी दहा-बारा सेकंदं मी पुन्हा पुन्हा ऐकतोय.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: कासाल्सबरोबर कंडक्टर जॉर्ज सेल, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या फूर्निएच्या रेकॉर्डिंगमध्येही सेलच! ऑर्केस्ट्रा वेगळे, एकदा चेक फिलहार्मोनिक, एकदा बर्लिन, पण हात एकच. मग कोडाचा ओघ चेलोवादक ठरवतो की कंडक्टर, हे या जोडीवरून तपासता येईल. आधी ठरवलेलं रोस्ट्रोपोविचचं कंडक्टर टालिखबरोबरचं रेकॉर्डिंग (१९५२) त्यामुळे मागे ढकलतोय. सेलची जोडी झाली की इसर्लिसच्या अल्बममधला मूळ, आखूड शेवट घेईन. ज्यांच्याकडे कासाल्सचा तिसरा एखादा ट्रान्सफर असेल, त्यांनी जोडांपाशी पट्टी हलते का तेवढं पाहून कळवा.