तीनशे लाइक आणि तीन बाटल्या

आमच्या घरी फोंड्याला कोकमाचे आगळ (खारवलेला घट्ट रस), आमसुले, फणसपोळी आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत नेवऱ्या (करंज्या) करून विकण्याचा लहानसा उद्योग आहे. तो मूळचा वहिनीचा. तिच्या हाताला चव आहे आणि माझ्याकडे हिशेबाची वही व मोबाइल, अशी कामाची वाटणी आपोआपच झाली. पैसे देऊन पहिली जाहिरात केली तेव्हा मी लालभडक कोकमांच्या छायाचित्राखालचे ‘बूस्ट’ हे बटण दाबले, ५०० रुपये भरले आणि तीन दिवस फोनकडे पाहत बसलो. तीनशेच्या वर लाइक आले, ‘खूप सुंदर’ अशा प्रतिक्रिया आल्या आणि बाटल्या विकल्या गेल्या तीन. त्यांतली एक मावशीने घेतली होती, जिला जाहिरातीची मुळीच गरज नव्हती.

दोष बटणाचा नव्हता, मी मागितलेच तसे होते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जाहिरात तयार करताना पहिला प्रश्न उद्दिष्टाचा असतो आणि ही यंत्रणा त्या उत्तराचा शब्दशः अर्थ घेते: प्रतिसाद हवा म्हटले की ती सवयीने लाइक करणारी माणसे शोधते, वाहतूक (ट्रॅफिक, म्हणजे दुव्यावर येणारी माणसे) हवी म्हटले की दुव्यांवर बोट ठेवणारी. खरेदी करणारी माणसे बहुधा या दोन्ही गर्दींच्या बाहेर असतात. शिवाय प्रत्येक जाहिरात दाखवण्यापूर्वी आत एक लिलाव होतो, ज्यात तुमच्या बोलीबरोबरच, समोरचा माणूस तुम्ही मागितलेली कृती करण्याची शक्यता किती आणि जाहिरातीचा दर्जा कसा, हेही मोजले जाते. म्हणून उद्दिष्ट चुकले की पुढचा सगळा लिलाव चुकीच्या वस्तूसाठी होतो, आणि हे कोणी आपल्याला सांगत नाही, कारण पडद्यावरचे आकडे तर चांगलेच दिसत असतात.

आमच्याकडे संकेतस्थळ नाही, मागणी व्हॉट्सॲपवर येते. त्यामुळे आता आम्ही संभाषण सुरू व्हावे हेच लक्ष्य ठेवतो आणि जाहिरातीवरचे बटण थेट व्हॉट्सॲप उघडते. मात्र येथे लहान धंद्याची एक वेगळी अडचण सुरू होते. नवी जाहिरात प्रथम शिकण्याच्या टप्प्यात असते, म्हणजे ती कोणाला दाखवावी हे यंत्रणा अजून शिकत असते, आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी तिला सात दिवसांत सुमारे ५० परिणाम, आमच्या बाबतीत संभाषणे, लागतात. समजा एका संभाषणाला २० रुपये पडतात, तर आठवड्याला १,००० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण १४३ रुपये, एकाच ठिकाणी घालावे लागतील. मी मात्र उत्साहाच्या भरात आगळ, आमसुले, फणसपोळी आणि नेवऱ्या यांच्या जाहिरातींचे चार वेगळे संच केले, प्रत्येकाला दिवसाला ५० रुपये दिले आणि दर दोन दिवसांनी काहीतरी बदलत राहिलो. चारही संच अर्धशिक्षितच राहिले. मोठा बदल केला की शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे मला फार उशिरा कळले. रोपटे रुजले की नाही हे पाहायला रोज उपटून पाहणाऱ्या मुलासारखे माझे चालले होते. आता एकच संच, त्यात दोन-तीन वेगळी छायाचित्रे किंवा छोटे व्हिडिओ, आणि आठवडाभर हात न लावणे, एवढेच पथ्य पाळतो.

जाहिरातीआधी करायचा हिशेब मी जाहिरातीनंतर केला, ही दुसरी चूक. एका बाटलीची किंमत २२० रुपये आणि माल, बाटली, लेबल, पोहोच हे सगळे वजा जाता हाती राहतात ९० रुपये असे धरा. पाच संभाषणांतून एक मागणी निश्चित होत असेल, तर २० रुपयांच्या दराने ती मागणी १०० रुपयांना पडली, म्हणजे प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये पदरचे गेले. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो तो आणखी वेगळा, आणि ज्याची नोंदणी नाही किंवा जो कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीच्या ठोक दराच्या करयोजनेत) आहे त्याला तो परत मिळत नाही. यातून मार्ग वहिनीने काढला. तिने चवथीची पेटी केली: आगळ, आमसुले, नेवऱ्या आणि फणसपोळी मिळून ९०० रुपये, ज्यात तीनेकशे रुपये सुटतात. तेव्हापासून आम्ही बाटलीची जाहिरात करत नाही, पेटीची करतो. बाटली नंतर त्याच गिऱ्हाइकाला जाहिरातीविना विकली जाते. मे महिन्यात, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी सामान भरून ठेवण्याच्या, दिवसांत, आगळ मुळातच खपते, तेव्हा जाहिरातीवर पैसा घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

गोव्यात जाहिरात करणाऱ्याने नकाशाकडे मात्र बारकाईने पाहावे. निवडलेल्या ठिकाणाभोवती ८० किलोमीटरपर्यंतचे वर्तुळ आखता येते आणि फोंड्याभोवती तेवढे वर्तुळ आखले की त्यात सावंतवाडी, कारवार आणि थेट बेळगावही येते, जिथे आमचा भाचा दुचाकीवरून पेटी पोचवू शकत नाही. उलट २५ किलोमीटरचे वर्तुळ आखले तर मडगाव, वास्को आणि पणजी येतात, पण म्हापसा बाहेर राहतो. वर्तुळाचा एक भाग अरबी समुद्रात जातो तो जाऊ द्या, तिथे पैसे घेणारे कोणी नाही. मात्र दिवाडी बेट सरळ रेषेत जवळ दिसले तरी तिथे फेरीबोटीने जावे लागते, हे वर्तुळाला ठाऊक नसते. म्हणून आम्ही वर्तुळ सोडून गावांची नावे निवडतो आणि ज्या भागात दिवसाआड भाच्याची फेरी होते तेवढीच ठेवतो. आणखी एक गोष्ट म्हणजे ठिकाण निवडताना तिथे राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले असे दोन्ही लोक मोजले जातात. डिसेंबरात त्यामुळे दिल्लीच्या पर्यटकांचे संदेश येऊ लागले, ‘काचेची बाटली कुरिअरने येईल का?’ त्याच महिन्यात हॉटेलवाले आणि दुचाकी भाड्याने देणारेही त्याच डोळ्यांसाठी बोली लावत असतात. तो महिना आम्ही आता जाहिरातीविना काढतो.

आपल्या गिऱ्हाइकांसारखी दिसणारी माणसे शोधून देण्याची सोयही आहे आणि तिची फार स्तुती ऐकू येते. तिच्यात सर्वांत जास्त साम्य असलेली एक टक्का माणसे निवडता येतात, पण तो एक टक्का संपूर्ण देशातला असतो, गोव्यातला नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार १४ लाख ५८ हजार वस्तीच्या या राज्यात त्या टक्क्यातले किती उरतील ते ज्याने त्याने ताडावे. शिवाय त्यासाठी गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक चढवायचे तर त्यांची संमती घेणे सभ्यपणाचे आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानंतर तर तो नुसता सभ्यपणाचा प्रश्न राहिलेला नाही.

भाषेच्या बाबतीत मी हरलो, हे कबूल करतो. ‘पारंपरिक पद्धतीने सिद्ध केलेले शुद्ध कोकम आगळ’ असे मी मोठ्या हौसेने लिहिले, तेव्हा वहिनी म्हणाली, “भावजी, असं घरात कोण बोलतं? सोलकढीला घाला म्हणावं, एवढं पुरे.” तिचेच वाक्य ठेवले आणि छायाचित्राऐवजी, पेल्यात आगळ पडताना नारळाचे दूध गुलाबी होत जाते तो काही सेकंदांचा व्हिडिओ लावला. पणजी-मडगावकडे देवनागरी कोकणीतली एक ओळ जोडली, आणि लगेच ‘कितलें?’ असा एका शब्दाचा प्रश्न येऊ लागला. मराठीवरचे माझे प्रेम त्यामुळे कमी झालेले नाही, पण गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारते त्या भाषेत उत्तर द्यावे.

एक जाहिरात नाकारली गेली, तीही माझ्याच शहाणपणामुळे. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असे मी सुरुवातीलाच विचारले होते, आणि पाहणाऱ्याच्या आजारावर किंवा व्यक्तिगत बाबीवर बोट ठेवणारा मजकूर तिथल्या नियमांत बसत नाही. नंतर कळले की मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा होईल असे सांगून औषध म्हणून वस्तूची जाहिरात करण्यास १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदाच मनाई करतो. आगळ चवीसाठी विकावे, वैद्यकी करू नये.

मोजणीसाठी आम्ही जे करतो ते फार साधे आहे. व्हॉट्सॲप उघडताच पाठवायचा संदेश आधीच लिहून ठेवता येतो, म्हणून एका जाहिरातीत ‘चवथीची पेटी हवी’ आणि दुसरीत ‘पेटीचा भाव सांगा’ असे ठेवतो. आलेला संदेश पाहूनच तो कुठून आला हे कळते. फोन करणाऱ्याला विचारावे लागते आणि ते वहीत टिपावे लागते, कारण फोनवरची मागणी ॲड्स मॅनेजरला दिसत नाही. दर रविवारी मी त्या आठवड्याच्या खर्चाला वहीतल्या मागण्यांच्या संख्येने भागतो, म्हणजे एक मागणी कितीला पडली ते कळते. पडद्यावरचा आकडा आणि वहीतला आकडा क्वचितच जुळतात, आणि मी वहीतला धरतो. उत्तराला उशीर झालेल्या मागण्यांपुढे वहिनी लाल फुली मारते. पहिल्या चवथीला त्या फुल्या इतक्या झाल्या की दुपारी दोन ते चार या वेळेत जाहिरात चालू ठेवणे हे माझ्या झोपेचे भाडे भरण्यासारखे होते, असे तिने मला स्पष्ट सुनावले.

यंदा चवथीच्या नऊ दिवस आधीच जाहिरात बंद केली. संदेश येतच होते, दरही बरा पडत होता, पण नेवऱ्या लाटणारे हात चारच आहेत आणि घेतलेल्या मागण्या अजून अर्ध्या व्हायच्या होत्या.