योकोहामात जीटी-आरचं पासिंग: माझा अनुभव

जपानमध्ये गाडी ठेवायची तर शाकेन, म्हणजे गाडीची सक्तीची सरकारी तपासणी, चुकत नाही. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की आरटीओत फिटनेसचं जे प्रकरण उभं राहतं, ते इथे नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. बहुतेक लोक गाडी गॅरेजला देतात आणि बिल बघून गप्प बसतात. माझ्याकडे 1990 सालची निस्सान स्कायलाइन जीटी-आर आहे, म्हणजे लोक जिला आर32 म्हणतात ती. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकला आणि ठरवलं, या खेपेला गाडी आपणच न्यायची. याला इथे ‘युजर शाकेन’ म्हणतात. पूर्ण कायदेशीर. एजंट नको, ओळख नको, चहापाण्याचा तर विषयच नाही.

पहिली पायरी ऑनलाइन वेळ घेण्याची. दिवसाचे चार ‘राउंड’ असतात, त्यातला एक निवडायचा. सकाळचा पहिला घ्यावा असं मी सांगेन, कारण काही नापास झालं तर दुरुस्त करून त्याच दिवशी परत लेनमध्ये जाता येतं. कागद फार नाहीत: शाकेनशो म्हणजे आपलं आरसी बुक, जिबाइसेकी हा सक्तीचा विमा, कर भरल्याचा पुरावा आणि देखभालीची नोंदवही. ही वही स्वतः भरली तरी चालते, फक्त त्यात लिहिलंय ते खरोखर तपासलेलं असावं.

शाकेनशो आता वहीच्या छोट्या पानाएवढा झालाय, आत चिप. त्यावर इंजिनचं माप लिहिलंय 2.56 लिटर. नीट सांगायचं तर 2568 सीसी. असलं विचित्र माप कुणी का ठरवेल? दोन लिटर नाही, अडीच नाही, मध्येच कुठेतरी. उत्तर शर्यतीच्या नियमपुस्तकात आहे. त्या काळच्या ग्रुप ए, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या शर्यतींत टर्बो असलेल्या इंजिनाचं माप 1.7 ने गुणून वर्ग ठरायचा. 2568 गुणिले 1.7 म्हणजे साधारण 4366, साडेचार लिटरच्या वर्गात अगदी आरामात. आधी विचार चार लिटरच्या वर्गाचा होता, त्यासाठी 2.4 लिटरच्या आतबाहेरचं इंजिन पुरलं असतं. पण गाडी चारही चाकांवर चालवायची ठरली, वजन वाढलं, मग वरचा वर्ग घेतला. तिथे टायरही जास्त रुंद चालत. त्याची किंमत आज मी मोजतोय. इथे वाहनकराचा टप्पा अडीच लिटरवर बदलतो. 68 सीसी वर गेल्यामुळे मी वरच्या टप्प्यात, आणि तेरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाडीवर पंधरा टक्के अधिभार, म्हणून वर्षाला 58,600 येन. अडीच लिटरच्या आत असतो तर 51,700 बसले असते. पस्तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा शर्यतीच्या आखाड्यासाठी केलेला हिशोब दरवर्षी माझ्या खिशातून जातो.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ गेला गाडीखाली. स्टिअरिंगच्या आणि ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांवर रबरी बूट असतात. त्यातला एक जरी फाटून ग्रीस बाहेर आलेलं दिसलं की गाडी नापास. शिवाय या गाडीची मागची चाकंही किंचित वळतात. सुपर हायकॅस म्हणतात त्या यंत्रणेला, म्हणजे मागेही गळायला एक जागा जास्त. आधीच्या मालकाने हौसेने गाडी खाली बसवली होती. जमिनीपासून 9 सेंटिमीटर मोकळं हवं, म्हणून मूळ उंचीचे स्प्रिंग परत घातले. रबरी पाइप आणि काही वायरिंगसाठी निस्मोच्या, म्हणजे निस्सानच्या शर्यत विभागाच्या, हेरिटेज पार्ट्सचा मोठा आधार झाला. 2017 च्या शेवटी कंपनीने आर32 चे बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले, नाहीतर आम्ही सगळे भंगारवाल्यांच्या दारात उभे असतो.

ठरलेल्या दिवशी त्सुझुकी भागातल्या रिकुउन-क्योकुला, म्हणजे इथल्या आरटीओला, पोचलो. खिडकीवर फॉर्म, शुल्काचे स्टॅम्प, मग लेन. सुरुवात सोपी असते. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर. निळ्या गणवेशातला तपासनीस लांब दांड्याच्या छोट्या हातोडीने चाकांचे नट ठोकत गेला. मग बोनेट उघडायला सांगितलं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर कोरलेला बीएनआर32 ने सुरू होणारा नंबर त्याने कागदाशी ताडून पाहिला. नजर तिथून इंजिनावर गेली आणि दोन क्षण तिथेच राहिली. चेहऱ्यावर काही नाही. “व्यवस्थित ठेवलीय,” एवढं म्हणाला आणि पुढे व्हायचा इशारा केला. सरकारी तोंडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि जीटी-आर घेऊन जाणाऱ्याने ती लेनमध्ये शिरण्याआधी समजून घ्यावी. वेगमापक आणि ब्रेक तपासायला गाडी रोलरवर चढवतात. साध्या लेनमध्ये एका वेळी एकाच जोडीतली चाकं फिरतात. साध्या गाडीला ते ठीक आहे. आर32 मध्ये अतेसा ई-टीएस नावाची यंत्रणा आहे. सरळ रस्त्यावर निवांत चालताना सगळी ताकद मागच्या चाकांना. चारही चाकांच्या वेगाचे सेन्सर आणि गाडी पुढे-बाजूला किती ढकलली जातेय ते मोजणारे सेन्सर सतत संगणकाला कळवत राहतात. मागची चाकं पुढच्यांपेक्षा वेगाने फिरू लागली की संगणक म्हणतो, ही घसरली. लगेच तेलाच्या दाबाने ट्रान्सफर केसमधला अनेक चकत्यांचा क्लच आवळतो आणि ताकद पुढे जाते, जास्तीत जास्त निम्मी. आता कल्पना करा: मागची चाकं रोलरवर फिरताहेत, पुढची जमिनीवर स्थिर. संगणकाच्या दृष्टीने ही तर बर्फावरची घसरण! तो पुढच्या चाकांना ताकद देणार आणि गाडी रोलरवरून समोरच्या माणसाच्या अंगावर उडी घेणार.

म्हणून अशा गाड्यांना ‘मल्टी’ लिहिलेली लेन. तिथे पुढे-मागे दोन्हीकडे रोलर आणि त्यांच्यातलं अंतर गाडीप्रमाणे सरकतं. मी थांबलो, यंत्राने घरघर करत माझ्या गाडीचे 2615 मिलिमीटर जुळवून घेतले आणि चारही चाकं एकदम फिरू लागली. समोरच्या पाटीवर सूचना येतात, तसं करायचं. 40 चा वेग दाखवला की हेडलाइट चमकवायचे. वर्तुळ आलं की पास, फुली आली की नापास. पुढचा-मागचा ब्रेक आणि हँडब्रेक दोन मिनिटांत उरकले.

ब्रेक पास झाल्याचं मला जरा जास्तच समाधान वाटलं, कारण या गाडीची दुखरी बाजू तीच. कारखान्याने दिलेले ब्रेक घाटात लवकर तापतात. कंपनीलाही ते कळलं असावं. 1993 च्या व्ही-स्पेक या आवृत्तीला ब्रेम्बो या नावाजलेल्या कंपनीचे ब्रेक आणि 17 इंची चाकं दिली. बाकी चालीबद्दल मात्र तेव्हाच्या निस्सानला तोड नव्हती. नव्वदच्या दशकापर्यंत हाताळणीत जगात पहिलं यायचं, अशी ‘901’ नावाची मोहीमच कंपनीत चालू होती. त्यात प्रमुख अभियंता नागानोरी इतो यांच्यावर वेगळं ओझं होतं. स्कायलाइनचे जुने कर्तेधर्ते साकुराई आजारी पडल्यावर आधीचं आर31 मॉडेल इतोंच्या गळ्यात पडलं आणि त्यावर सडकून टीका झाली. आर32 ही त्याची भरपाई. जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंगवर, 20 किलोमीटरहून लांब अशा डोंगरी ट्रॅकवर गाडी नेली. पहिल्या खेपेला एक फेरीही धड पूर्ण झाली नाही. शेवटी चाचणीचालक हिरोयोशी कातो यांनी 8 मिनिटं 20 सेकंदांची फेरी मारली. ऑगस्ट 1989 मध्ये गाडी बाजारात आली, किंमत 44.5 लाख येन. कागदावर ताकद 280 पीएस (म्हणजे अश्वशक्ती), कारण जपानी कंपन्यांनी आपापसात तेवढीच मर्यादा पाळायचं ठरवलं होतं. शर्यतीच्या गाडीत हेच इंजिन साडेपाचशेच्या घरात जायचं.

हेडलाइटला फुली आली. डावा दिवा जरासा खाली. यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याच दिवशी आणखी दोनदा लेनमध्ये जाता येतं. शिवाय रिकुउन-क्योकुच्या आसपास टेस्टरची दुकानं असतात, थोडे पैसे घेऊन ते दिवे नीट करून देतात. तिथल्या आजोबांनी गाडी आत घेतली आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, “किती सालची?”

“1990.”

“मग लो बीमला हात लावायचा नाही. सप्टेंबर 98 च्या आधीच्या गाडीचा हाय बीम बघतात.” स्क्रू पिळता पिळता त्यांनी आपणहून विषय काढला. फुजीच्या ट्रॅकवर ग्रुप एच्या मोसमाची शेवटची शर्यत बघायला दरवर्षी जायचे म्हणे. “पुढे कोण येणार हे ठाऊक असायचं. कुठली जीटी-आर येणार, तेवढाच प्रश्न.”

अतिशयोक्ती नव्हती. मार्च 1990 मध्ये पहिल्याच शर्यतीत होशिनो आणि सुझुकी या चालकांच्या निळ्या जीटी-आरने बाकी सगळ्यांना किमान एका फेरीने मागे टाकलं. 1993 पर्यंत जपानच्या मालिकेत 29 पैकी 29 शर्यती जीटी-आरने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात 1991 आणि 1992 ला बाथर्स्टची मोठी शर्यत जिंकली, तिथल्या लोकांनी ‘गॉडझिला’ नाव दिलं, आणि मग नियमच असे बदलले की तिला जागा उरली नाही. नियम वाचून बनवलेल्या गाडीला शेवटी नियमानेच बाहेर काढलं, याची मला गंमत वाटते. आजोबांना नाही वाटली.

दुसऱ्या फेरीत दिवे पास. मग खड्ड्यावरची तपासणी: खालून माणूस हातोडीने सांधे ठोकतो, यंत्र चाकं हलवतं, आणि आपण वर बसून पाटीवर येईल तसा ब्रेक दाबायचा, सोडायचा. बूट शाबूत होते. धूरही पास. खिडकीवर कागद दिला आणि नवा शाकेनशो आणि स्टिकर हातात आला. हे स्टिकर आता काचेच्या मधोमध नाही, ड्रायव्हरच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात लावायचं असतं.

घरी येताना एक्स्प्रेसवेला लागणारं गोल वळण ओलं होतं. मधल्या कन्सोलवर तीन छोटे गोल मीटर आहेत. त्यातला एक पुढच्या चाकांना किती ताकद जातेय ते दाखवतो. एरवी त्याची सुई शून्यावर झोपलेली असते. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पाय दाबला. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली हे इंजिन तसं सुस्त, साडेचारला दोन्ही टर्बो जागे होतात. मागची बाजू बोटभर बाहेर सरकली, सुई टुणकन उठली, आणि पुढच्या चाकांनी गाडीला कॉलर धरून सरळ ओढलं. वर 100 ची पाटी. संपली मजा.

खर्चाचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. 1430 किलोची, अठरा वर्षांहून जुनी गाडी म्हणून वजनाचा कर दोन वर्षांचा 37,800 येन. जिबाइसेकी 17,650. तपासणीचं शुल्क आणि टेस्टरवाल्या आजोबांची मजुरी त्यापुढे किरकोळ. गॅरेजने सांगितलेल्या रकमेतून हे वजा केलं की उरतं त्यात टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप दोन्ही होतील. पुढचं काम तेच आहे, आणि ते मात्र मी गॅरेजलाच देणार.