अकरा विद्यापीठे, एक वाहिनी आणि दर घरामागे एक डॉलर दहा सेंट

१ सप्टेंबर २००७ रोजी मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला, जो त्या वेळी देशात पाचव्या क्रमांकावर होता, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातल्या अ‍ॅपलाचियन स्टेट या खालच्या श्रेणीतील विद्यापीठाने मिशिगनच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले. मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक होते. हा सामना ज्या वाहिनीवर दाखवला जात होता ती अवघ्या दोन दिवसांपूर्वी सुरू झाली होती आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या केबल कंपनीने ती घेतलेलीच नव्हती. अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात राहायला आल्यापासून हा सामना मला अनेकांनी रंगवून सांगितला आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो स्वतः पाहिलेला नाही.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा निकाल वर्तमानपत्रात चार ओळींत आटोपतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या सामन्यांसाठी स्वतंत्र वाहिनी असावी आणि तिच्यावरून अब्जावधींची उलाढाल असणाऱ्या कंपन्यांनी वर्षभर भांडावे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला खरे वाटणे कठीण आहे. अमेरिकेच्या या मध्यपश्चिम भागात मात्र शनिवारचा विद्यापीठाचा सामना हा गावाचा सार्वजनिक सोहळा असतो, आणि पदवी घेऊन चाळीस वर्षे झालेला माणूसही त्या दिवशी विद्यापीठाच्या रंगाचा सदरा घालून बाहेर पडतो.

‘बिग टेन’ ही इथल्या मोठ्या विद्यापीठांची क्रीडा संघटना. नावात दहा असले तरी तेव्हा तिच्यात अकरा विद्यापीठे होती. हा हिशेब इथे कोणालाही खटकत नाही. पेनसिल्व्हेनियापासून आयोवा-मिनेसोटापर्यंतच्या आठ राज्यांत ती पसरलेली होती. महत्त्वाचे फुटबॉल सामने एबीसी आणि ईएसपीएन या देशभर दिसणाऱ्या वाहिन्या आधी निवडून घेत आणि उरलेले बरेच सामने स्थानिक पातळीवर कुठेतरी दिसत किंवा दिसतही नसत. संघटनेचे प्रमुख जिम डिलेनी यांनी या उरलेल्या सामन्यांची स्वतःची वाहिनी काढायचे ठरवले आणि फॉक्स या टीव्ही कंपनीला ४९ टक्क्यांची भागीदार करून घेतले. ५१ टक्के मालकी संघटनेकडे राहिली. मिशिगनचा तो सामनाही उरलेल्यांपैकीच होता, कारण तो एकतर्फी होणार याबद्दल कोणाला शंका नव्हती.

वाहिनी काढणे त्या मानाने सोपे. ती केबलवर चढवणे कठीण. बिग टेन नेटवर्कची, म्हणजे या नव्या वाहिनीची, मागणी अशी होती की आठ राज्यांत केबल कंपनीने दर ग्राहकामागे दरमहा सुमारे एक डॉलर दहा सेंट द्यावेत, आठ राज्यांबाहेर सुमारे दहा सेंट द्यावेत, आणि वाहिनी बहुतेक सर्व घरांत जाणाऱ्या मूळ पॅकमध्ये ठेवावी. मिशिगनमधल्या त्या सर्वांत मोठ्या केबल कंपनीचे, कॉमकास्टचे, म्हणणे असे की हे खेळ ज्यांना हवेत त्यांनी जादा पैसे भरून क्रीडा पॅक घ्यावा. इंडियानातल्या बास्केटबॉलवेड्या घराने आयोवाच्या व्हॉलीबॉलचा भार का उचलावा, अशा आशयाचा टोमणाही कंपनीकडून आला, आणि तीन वर्षांत महिलांचे व पुरुषांचे सामने समसमान दाखवण्याचे आश्वासन देऊन बसलेल्या संघटनेला तो झोंबला.

हा वाद आपल्या सोसायटीच्या सभेत ऐकू येणाऱ्या वादाहून वेगळा नाही: लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यांनी द्यायचा की नाही? आकडेमोड केली की दोन्ही बाजूंचा हट्ट कळतो. दहा लाख घरांकडून एक डॉलर दहा सेंटप्रमाणे वर्षाला एक कोटी बत्तीस लाख डॉलर मिळतात; तीच वाहिनी क्रीडा पॅकमध्ये गेली आणि दहातल्या एकाच घराने तो घेतला, तर तेवढ्या उत्पन्नासाठी त्या घराकडून अकरा डॉलर मागावे लागतील, जे कोणी देणार नाही, आणि प्रेक्षक घटल्यामुळे जाहिरातीही जातील. म्हणजे वाहिनीचा सारा डोलारा ती न पाहणाऱ्या घरांवर उभा राहणार होता. माझ्या मते कॉमकास्टचा मुद्दा तत्त्वतः बरोबर होता, फक्त तो मांडण्याचा अधिकार तिला फारसा नव्हता, कारण तिच्या स्वतःच्या मूळ पॅकमध्येही कोणी न मागितलेल्या वाहिन्या भरपूर होत्या.

३० ऑगस्ट २००७ रोजी वाहिनी सुरू झाली तेव्हा डिशवरून वाहिन्या देणारी डायरेक्टटीव्ही आणि दूरसंचार कंपनी एटी अँड टी तिच्या बाजूला होते, तसेच कित्येक लहान केबल कंपन्याही. डायरेक्टटीव्हीवर तेव्हा फॉक्सच्याच मूळ कंपनीचे, न्यूज कॉर्पचे, नियंत्रण होते हे लक्षात घेतले की तिच्या तत्परतेचे नवल वाटत नाही. कॉमकास्ट, टाइम वॉर्नर केबल, चार्टर, मीडियाकॉम या मोठ्या केबल कंपन्या मात्र अडून बसल्या. मग जाहिरातींचे युद्ध सुरू झाले. संघटना चाहत्यांना केबल सोडून डिश बसवा असे सुचवत होती, तर केबल कंपन्या सांगत होत्या की तुमचे बिल आम्ही वाढू देत नाही आहोत. अ‍ॅपलाचियन स्टेटने केलेला तो पराभव मिशिगनला जितका लाजिरवाणा होता तितकाच नव्या वाहिनीला लाभदायक ठरला, कारण जो सामना चुकला त्याचीच चर्चा पुढे महिनाभर चालली.

योगायोग असा की त्याच वर्षी जानेवारीत नागपुरात भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातला पहिला एकदिवसीय सामना झाला तेव्हा प्रक्षेपणाचे हक्क घेतलेली निंबस कंपनी आणि दूरदर्शन यांच्यात असाच पेच पडला होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, केंद्र सरकारने फेब्रुवारीत वटहुकूम काढला आणि पुढे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे कायद्याने बंधनकारक झाले. अमेरिकेत असा वटहुकूम निघण्याची कल्पनाही कोणी करत नाही. आपल्या विद्यापीठाचा सामना पाहता यावा ही मागणी इथे कितीही भावनिक असली तरी तिचा निकाल दोन कंपन्यांच्या करारातच लागतो, आणि त्या करारात प्रेक्षक पक्षकार नसतो. ग्राहक म्हणून तो गेला किंवा राहिला एवढेच मोजले जाते.

जून २००८ मध्ये कॉमकास्टने करार केला आणि ऑगस्टच्या मध्यास, पुढच्या हंगामाच्या तोंडावर, वाहिनी तिच्या ग्राहकांना दिसू लागली. बातम्यांत आलेला दर सुमारे सत्तर सेंटांचा होता. वाहिनी सुरुवातीला आठ राज्यांत व्यापक पॅकमध्येच राहणार, परंतु पुढे ती डिजिटल पॅकमध्ये हलवण्याची मुभा कंपनीला मिळाली. दोघांनीही आपणच जिंकलो असे सांगितले. त्याच ऑगस्टमध्ये टाइम वॉर्नर केबलही तयार झाली.

मला या प्रकरणात सर्वांत रोचक वाटते ते त्यानंतरचे. राज्यात संघटनेचे विद्यापीठ असेल तर दर जास्त आणि नसेल तर नाममात्र, असा नियम एकदा पडला की नवे सदस्य निवडताना त्यांचा खेळ पाहायचा की त्यांच्या राज्यातल्या केबल जोडण्या मोजायच्या? २०१४ मध्ये रटगर्स आणि मेरीलँड ही दोन विद्यापीठे बिग टेनमध्ये आली. रटगर्सच्या फुटबॉलची फारशी दहशत कोणाला नव्हती, पण ते न्यू जर्सीत आहे, न्यूयॉर्कच्या बाजारपेठेला खेटून. मेरीलँड वॉशिंग्टनला लागून आहे.

पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘पॅक-१२’ संघटनेने ऑगस्ट २०१२ मध्ये याच यशाकडे पाहून वाहिन्या काढल्या, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक, पण भागीदार न घेता. सर्व मालकी आपली, सर्व नफा आपला, असा त्यामागचा विचार होता. कॉमकास्ट आणि टाइम वॉर्नर केबल सुरुवातीलाच आल्या, डायरेक्टटीव्ही मात्र शेवटपर्यंत आली नाही. फॉक्स किंवा ईएसपीएनसारखा भागीदार असता तर ‘ही वाहिनी घ्या, नाहीतर आमच्या इतर वाहिन्यांचेही बोलू’ असे सांगणारा कोणीतरी टेबलाशी बसला असता. दक्षिणेतल्या एसईसी संघटनेची वाहिनी ईएसपीएनने २०१४ मध्ये काढली तेव्हा देशातल्या जवळजवळ सर्व मोठ्या वितरकांनी ती पहिल्या दिवसापासून घेतली होती. पॅक-१२ च्या वाहिन्या २०२४ च्या उन्हाळ्यात बंद पडल्या. तोपर्यंत तिच्या बारापैकी दहा विद्यापीठांनी दुसरीकडे घरोबा केला होता, आणि त्यांतली चार, लॉस एंजेलिसच्या दोन्हींसह, बिग टेनमध्ये दाखल झाली.