बुडापेस्ट: सकाळी छपरं, दुपारी चित्रं, संध्याकाळी गरम पाणी

नोव्हेंबरात आई आणि मी आठ दिवस बुडापेस्टला जाऊन आलो. तेव्हापासून ओळखीतले तीन-चार जण तरी विचारून गेले की तिकडे नक्की काय बघायचं आणि आईवडिलांना घेऊन जमतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आई शाळेत चित्रकला शिकवायची, कितीतरी वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं तिने, आणि आता गुडघे दुखतात. त्यामुळे ट्रिप ठरवताना दोनच अटी होत्या, चित्रं भरपूर हवीत आणि चालणं कमी हवं. बुडापेस्ट निवडलं ते गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. आपल्याकडे वज्रेश्वरी, उन्हवरे आहेत तसंच, फक्त इथे ते झरे भर शहरात आहेत, शंभराहून जास्त. डॅन्यूब नदीच्या पश्चिमेकडचा शहराचा भाग म्हणजे बुडा, तिथे चुनखडीचे डोंगर आहेत, त्यात पावसाचं पाणी मुरतं, खूप खोल जाऊन तापतं आणि डॅन्यूबच्या काठाला जमिनीत जी मोठी भेग आहे तिच्यातून वर येतं. रोमन लोकांनी इथे स्नानगृहं बांधली, मग तुर्कांनी बांधली, मग ऑस्ट्रो-हंगेरियन काळात तर राजवाड्यासारखी बांधली. म्हणजे इथे आंघोळीला जाणं हे पण इमारत बघायला जाणंच आहे, आणि हे आधी लक्षात आलं तर ट्रिपचं प्लॅनिंग सोपं होतं.

नोव्हेंबरात दुपारी सव्वाचारलाच सूर्य मावळतो. म्हणून आम्ही रोजचा क्रम असा लावला की सकाळी उजेडात इमारती, दुपारी म्युझियम आणि अंधार पडला की पाणी. गुडघ्यांना पण हाच क्रम सोसला, दिवसभराचं चालणं शेवटी पाण्यात उतरून जायचं.

इमारतींमध्ये एकच माणूस पक्का धरून ठेवा, हंगेरियन आर्किटेक्ट ओडोन लेख्नर. पार्लमेंट सगळे बघतातच, सुंदर आहे, नदीपलीकडून रात्री बघा आणि आतली टूर ऑनलाइन आधी बुक करा, एवढंच त्याबद्दल. पण लेख्नरसाठी मात्र मुद्दाम वेळ काढा. होल्ड नावाच्या रस्त्यावर त्याची १९०१ साली पूर्ण झालेली पोस्टाची बचत बँक आहे. आपल्या पोस्टाच्या पासबुकासारखीच, सामान्य माणसाने थोडे थोडे पैसे साठवायची बँक, म्हणून भिंतींच्या खांबांवरून चिनीमातीच्या मधमाश्या वर चढताना दिसतात आणि वर त्यांची पोळी आहेत. साठवणीचं यापेक्षा सरळ चित्र मी कुठे पाहिलं नाही, आई तर फूटपाथवर उभी राहून मधमाश्या मोजत होती. आणि खरी गंमत छपरावर आहे, पिवळी-हिरवी कौलं, त्यावर फुलं, नागमोडी शेपट्या, आणि हे सगळं रस्त्यावरून जवळपास दिसतच नाही. एवढं काम वर कोण बघणार असं विचारल्यावर लेख्नर म्हणाला होता की पक्षी बघतील, अशी गोष्ट तिथे सांगतात. आम्ही समोरच्या हॉटेलच्या गच्चीवर कॉफी घेऊन ते छप्पर तासभर बघितलं. तुम्ही पण तेच करा, थंडीत गच्ची चालू आहे का हे खाली विचारून मग वर जा.

ही कौलं झोल्नाय नावाच्या कारखान्याची, पेच शहरातली. त्यांची खास भट्टीत भाजलेली माती बर्फातही तडकत नाही म्हणून बाहेरच्या भिंतींना आणि छपरांना चालते. एकदा झोल्नाय ओळखायला लागलात की शहरभर दिसतं, मोठ्या मार्केट हॉलचं छप्पर, मात्याश चर्चचं छप्पर, सगळीकडे.

आता आपल्यासाठीचा, भारताशी जोडणारा धागा. लेख्नर आणि कारखान्याचा मालक विल्मोश झोल्नाय १८८९ मध्ये लंडनला गेले आणि तिथल्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये पूर्वेकडची चिनीमातीची कामं त्यांनी अभ्यासली. हंगेरियन लोक स्वतःची मुळं पूर्वेला शोधत होते त्या काळात, त्यामुळे लेख्नरने जे उपयोजित कलांचं म्युझियम (१८९६) बांधलं त्याच्या आतल्या कमानी थेट मुघल वळणाच्या आहेत. ते २०१७ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, आम्ही फक्त बाहेरून हिरवं-सोनेरी छप्पर आणि दारातलं छत बघितलं, पण मेट्रोने दहा मिनिटांवर आहे तर तेवढ्यासाठीही जा.

दुसरा धागा अमृता शेर-गिलचा. ती जन्मली बुडापेस्टला, ३० जानेवारी १९१३, आई हंगेरियन, वडील पंजाबी. पुढे भारतात आली, अजिंठा बघून तिची चित्रं बदलली, आणि १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक तिला ‘तीन मुली’ या चित्रासाठी मिळालं. आई हे चित्र वर्गात दाखवायची. आणि तिथे गेल्यावर कळलं की सेचेनी हे सगळ्यात प्रसिद्ध स्नानगृहसुद्धा १९१३ मध्येच उघडलं. आई म्हणाली, “म्हणजे दोघी एका वयाच्या,” आणि मग प्रत्येक इमारतीची साल बघताना ती अमृता तेव्हा किती वर्षांची असेल तेच मोजत बसली.

म्युझियममध्ये वेळ कमी असेल तर बुडाच्या किल्ल्यावरची नॅशनल गॅलरी घ्या. सोमवारी बंद असते. चढायची गरज नाही, १६ नंबरची बस वर सोडते. तिथे सिन्येई मेर्शेचं १८७३ चं मे महिन्यातल्या सहलीचं चित्र आहे, हिरवळीवर बसलेली मंडळी, आई त्यासमोरून हलेना, म्हणाली हा हिरवा मुलांना कधीच जमत नाही. आणि चोन्तवारी नक्की बघा. हा माणूस औषधविक्या होता, मोठेपणी चित्रं काढायला लागला, काही कॅनव्हास तर भिंतीएवढे. तो गेल्यावर नातेवाईक ते कॅनव्हास ताडपत्रीच्या भावाने गाडीवाल्यांना विकायला निघाले होते, एका तरुण आर्किटेक्टने ते विकत घेतले म्हणून वाचले. ताओर्मिनाच्या अवशेषांचं त्याचं संध्याकाळच्या उजेडातलं चित्र बघताना ही गोष्ट आठवली की अंगावर काटा येतो.

आता पाणी. आम्ही तीन स्नानगृहांत गेलो, गेलर्ट हे आणखी एक प्रसिद्ध स्नानगृह सध्या नूतनीकरणासाठी बंद आहे.

रुदाश माझं सगळ्यात आवडतं. सोळाव्या शतकातलं तुर्की बांधकाम, आठ खांब, त्यावर घुमट, घुमटात छोटी रंगीत काचेची भोकं आणि खाली अष्टकोनी कुंड. मधल्या कुंडाचं पाणी साधारण ३६ अंश, चार कोपऱ्यांत चार छोटी कुंडं, २८ पासून ४२ अंशांपर्यंत. तुर्की भागात बायकांचे, पुरुषांचे आणि एकत्र असे वेगवेगळे वार असतात, जाण्याआधी त्यांच्या साइटवर वार बघाच. आम्ही मंगळवारी गेलो, बायकांचा दिवस. आई आधी खूप संकोचत होती, चार लोकांत असं पाण्यात कसं उतरायचं म्हणून, पण आत तिच्याच वयाच्या, सत्तरीच्या बायका निवांत गप्पा मारत बसलेल्या बघितल्या आणि तिचा संकोच गेला. दहा मिनिटांत ती शांत डोळे मिटून बसली होती. घरी तिला इतकं सैल बसलेलं मी कधी बघितलं नाही.

एक चूक झाली ती सांगते. ४२ अंशाच्या कुंडात ती जरा जास्त वेळ थांबली आणि बाहेर आल्यावर चक्कर आली. बाकावर बसवलं, पाणी दिलं, बरी झाली. तर बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून जा, गरम कुंडात पाच मिनिटं पुरे, एकूण पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर येऊन बसायचं, आणि पाण्याची बाटली बरोबर हवीच.

सेचेनी पिवळं, भव्य, गर्दीचं. तिथलं पाणी खोल बोअरचं आहे आणि वर येतं तेव्हा सत्तर अंशांच्या वर असतं, मग निववून सोडतात. बाहेर पाच-सहा अंश थंडी, पाण्यावर वाफ, आणि त्या वाफेत गळ्यापर्यंत बुडालेले आजोबा बुद्धिबळ खेळतायत. वीकेंड टाळा. जाताना पिवळी एम-१ मेट्रो घ्या, १८९६ ची आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली, रस्त्याच्या लगेच खाली असल्याने पायऱ्या थोड्याच आहेत. स्टेशनचं नावच सेचेनी फ्युर्दो.

लुकाच साधं आहे, तिथे आजारी माणसं उपचाराला येतात. अंगणातल्या भिंतीवर बऱ्या झालेल्या लोकांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत, वेगवेगळ्या भाषांत आभार मानलेत. आपल्याकडे नवस फेडल्यावर देवळात घंटा बांधतात तसंच वाटलं मला. आईचे गुडघे तिथून बरे होऊन आले असं मी म्हणणार नाही, पण ते आठ दिवस तिने एकदाही पेनकिलर घेतली नाही.

सामान: स्वतःचा टॉवेल, रबरी स्लिपर आणि पोहण्याची टोपी न्या, तिथे सगळं महाग पडतं आणि पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची आहे. आईने पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा कॉस्च्युम इथूनच घेतला होता, कुणी हरकत घेतली नाही. तिकीट घेताना लॉकरऐवजी केबिन घ्या, थोडे पैसे जास्त पण वयस्कर माणसाला बसून कपडे बदलता येतात. मनगटाला पट्टा देतात, त्यानेच दार उघडतं. लहान मुलं बरोबर असतील तर वयाचे नियम आधी वाचा.

व्हिसा शेंगेन लागतो पण चलन फोरिंट आहे, युरो नाही. ट्रॅममध्ये कागदी तिकीट मशीनमध्ये पंच करायचं, नुसतं खिशात असून चालत नाही, तपासनीस येतात. सरळ काही दिवसांचा पास काढा आणि २ नंबरच्या ट्रॅमने नदीकाठाने एकदा तरी फिरा.

शाकाहारी असाल तर फोझेलेक हा शब्द पाठ करा, आपल्या पातळभाजीच्या जवळचा प्रकार आहे, बटाट्याचा, पालकाचा, मसुराचा मिळतो, मात्र वर मांस घालू नका हे आधी सांगायचं. लांगोश म्हणजे तळलेली मोठी पुरी, वर आंबट साय आणि चीज, एक दोघांत पुरतं. मार्केट हॉल रविवारी बंद. आई तिथून झोल्नायची एक छोटी टाइल शोधत होती, ती शेवटी जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली, काठाला टवका उडालेली, हिरव्या रंगाची, आता देवघराशेजारी ठेवलीय.