दहा फुटांचा पट्टा

बाहेरगावच्या लोकांच्या मोकळ्या जमिनी सांभाळणं हे माझं काम. नाशिकजवळ गिरणारे, दुगाव या भागात मुंबई-ठाण्याच्या बऱ्याच जणांनी पुढेमागे घर बांधू म्हणून जागा घेऊन ठेवल्यात. त्यांचं गवत काढणं, हद्दीचे दगड जागेवर आहेत का बघणं, पावसाआधी चर मोकळे करणं, हे मी बघतो.

मार्चमधल्या एका दुपारी गिरणाऱ्याहून फोन आला. मी सांभाळतो त्या वीस गुंठ्यांना लागून ज्यांची द्राक्षबाग आहे, ते दादा होते. "भाऊ, वरच्या पडीक रानात पेटलंय, वारं आपल्याकडंच आहे."

पोचलो तेव्हा धुराने डोळे चुरचुरत होते. वरच्या रानाचा मालक कधी फिरकत नाही. कमरेएवढी कुसळी उभी वाळलेली, मधे घाणेरीची बेटं. कुणीतरी बांध जाळायला गेलं आणि ते पसरलं. खाली दादांची बाग, घड काढणीला आलेले. आग बागेत शिरायचीही गरज नव्हती. नुसत्या झळीने कडेच्या ओळींची पानं करपली असती, ठिबकच्या नळ्या वितळल्या असत्या.

दोघांच्या मधे आमचे वीस गुंठे. कुसळी मी नवरात्रानंतर लगेच, कुसळं पिकायच्या आत कापून घेतो. तेव्हा जनावरं ती आवडीने खातात, म्हणून दादाच कापून नेतात आणि मालकाला मजुरी पडत नाही. कुसळं पिकली की ती गुरांच्या तोंडात टोचतात, मग त्या गवताला कुणी हात लावत नाही आणि ते उन्हाळ्यापर्यंत तसंच उभं राहतं. शिवाय जानेवारीत वरच्या हद्दीने ट्रॅक्टर घालून दहा फुटांचा पट्टा नांगरून घेतला होता. त्या खर्चावरून मालकांशी बरीच हुज्जत झाली होती. "रिकाम्या जागेला एवढं कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

आग त्या ढेकळांपाशी आली आणि जागोजाग बसली. पण कोपऱ्यातली घाणेरी धडाडून पेटली, ठिणग्या पट्ट्यावरून अलीकडे पडायला लागल्या. दादांच्या मुलाने औषध फवारायचा ब्लोअर नुसतं पाणी भरून आणला आणि बांधाच्या कडेने चालवला. तुषारांचा तो पडदा मी पहिल्यांदाच आगीसमोर पाहिला. आम्ही बाकीचे करंजाच्या ओल्या फांद्यांनी खुंटांवरचा जाळ झोडपत होतो. अग्निशमनची गाडी येईपर्यंत निखारेच उरले होते. बाग वाचली.

गवत जळाल्यावर वरच्या अंगाला दोन गोष्टी उघड्या पडल्या. एक, हद्दीचा दगड. सरकारी मोजणीच्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर, तो होता, पण झुडपात कुणाला सापडत नव्हता. दुसरी, वरून येणारी एक जुनी घळ. ती थेट आमच्या जागेत उतरते, आणि मालकांनी घरासाठी मनात धरलेला कोपरा नेमका तिच्या तोंडाशी आहे.

संध्याकाळी मालकांना फोटो पाठवले. त्यांनी आधी बागेची चौकशी केली, हे मला फार बरं वाटलं. मग म्हणाले, "आर्किटेक्टला पुढच्या महिन्यात आणतो."

मी म्हटलं, "साहेब, आणा, पण जोत्याची आखणी या पावसानंतर करू. जुलैत इथे पाणी कुठून येतं, किती दिवस साचतं ते मी खुंट्या ठोकून दाखवतो. खाली काळी माती कुठवर आहे आणि मुरूम कुठे लागतो, त्यासाठी आत्ताच दोन खड्डे घेऊ."

खड्ड्यांना त्यांनी लगेच हो म्हटलं. पट्ट्याचे पैसेही या वेळी न मागता आले.